केसांआडची जखम: कुत्र्या-मांजरांचे खरचटणे ओळखावे कसे आणि त्यावर लक्ष कसे ठेवावे

कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवताना बोटाला काहीतरी खरखरीत लागते, केस बाजूला सारले की खाली तांबूस, ओलसर डाग दिसतो, आणि पाळणाऱ्यापुढे एकदम तीन प्रश्न उभे राहतात: हे कशाने झाले, आपोआप बरे होईल का, आणि डॉक्टरांकडे आत्ताच न्यायचे की उद्या सकाळपर्यंत थांबायचे. मांजराच्या बाबतीत तर असा डाग सापडेपर्यंत बहुधा दोन-तीन दिवस उलटलेले असतात, कारण आपल्याला लागले आहे हे मांजर सहसा कळू देत नाही. माहिती शोधायला जावे तर एकीकडे ‘काही करू नका, आपोआप बरे होते’ आणि दुसरीकडे ‘ताबडतोब दवाखाना गाठा’ अशी दोन टोकांची उत्तरे हाती येतात. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर असतात. आपल्यासमोरच्या जखमेला त्यांतले कोणते लागू पडते, एवढेच कोणी सांगत नाही.

ते ठरवण्याची रीत फारशी अवघड नाही. खरचटलेली जागा पहिल्या दिवशी किती वाईट दिसते यापेक्षा तिसऱ्या दिवशी ती कोणत्या दिशेने चालली आहे, यावरून अधिक कळते. मात्र त्यासाठी जखम आधी नीट दिसली पाहिजे, आणि आपण ज्याला खरचटणे समजतो आहोत ते खरोखर खरचटणेच आहे याची खात्री हवी.

त्वचा किती खोलवर गेली?

त्वचेची रचना घराच्या भिंतीवरून समजून घेता येते. भिंतीवर सर्वांत बाहेर रंगाचा पातळ हात असतो, त्याखाली गिलावा आणि त्याच्या आत विटांचे बांधकाम. त्वचेतला रंगाचा हात म्हणजे बाह्यत्वचा. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. गिलावा म्हणजे अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या, वेदना पोहोचवणारे मज्जातंतू आणि केसांची मुळे या थरात असतात. त्याच्याही आत चरबी आणि स्नायू येतात. माणसाच्या बऱ्याचशा अंगावर बाह्यत्वचा दहा-पंधरा पेशींच्या थरांची असते, तर कुत्र्या-मांजरांच्या केसाळ भागावर ती जेमतेम ३ ते ५ थरांची असते. संरक्षणाचे बरेचसे काम केसच करत असल्यामुळे त्वचा पातळ राहिली तरी भागते. जिथे केस नाहीत, म्हणजे नाकाच्या शेंड्यावर आणि पंजाच्या गाद्यांवर, तिथे हीच त्वचा चांगली जाड असते.

खरचटणे म्हणजे घर्षणाने बाह्यत्वचा आणि तिच्याखालचा थोडासा भाग निघून जाणे. नुसती बाह्यत्वचा गेली तर रक्त येत नाही, जागा गुलाबी होते आणि तिथे पातळसे पाणी सुटते. टाचणी टोचल्यासारखे रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागले तर घर्षण अंतस्त्वचेच्या वरच्या भागापर्यंत पोहोचले आहे असे समजावे. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण नवी त्वचा तयार करणाऱ्या पेशी केवळ जखमेच्या कडांवर नसतात. केसांच्या मुळांभोवतीच्या आवरणातही त्या असतात. मुळे शाबूत असतील तर जखमेच्या मधोमध शेकडो ठिकाणांहून नवी त्वचा एकाच वेळी पसरू लागते आणि रुंद दिसणारी जखमही आठवड्या-दहा दिवसांत झाकली जाते. मुळांसकट थर गेला असेल, तर त्वचेला फक्त कडेकडून सरकत यावे लागते. त्याला कित्येक आठवडे लागतात आणि मागे बिनकेसांचा व्रण राहतो. म्हणूनच रुंद पण उथळ जखमेपेक्षा लहान पण खोल जखमेची काळजी अधिक वाटायला हवी. पाहणाऱ्याची भीती मात्र नेमकी उलट चालते. तो जखमेची रुंदी पाहून घाबरतो.

केसांखालचे कसे शोधावे

जखम दिसण्याआधी बहुतेक वेळा वागणे बदलते. कुत्रा एकाच जागी पुन्हा पुन्हा चाटतो, बसताना एका कुशीवर बसणे टाळतो, उचलायला गेले की मान वळवून हाताकडे पाहतो. मांजर खेळायला येईनासे होते, पलंगाखाली अधिक वेळ काढते, अंग चाटून स्वच्छ ठेवणे सोडते किंवा एकच जागा चाटत राहते. अंथरुणावर गुलाबी किंवा पिवळसर डाग पडणे, आणि एरवी मोकळ्या असणाऱ्या केसांची एखादी बट चिकटून टणक होणे, या दोन खुणा जवळजवळ हमखास खऱ्या ठरतात.

प्रत्यक्ष तपासणी भरपूर उजेडात, जनावर शांत असताना आणि शक्य तर दोघांनी मिळून करावी. नाकापासून सुरुवात करून शेपटीपर्यंत बोटांची टोके केसांच्या उलट दिशेने हळूहळू फिरवावीत. डोळ्यांपेक्षा बोटांवर अधिक भरवसा ठेवावा, कारण खपली आणि उंचवटा दिसण्याआधी हाताला लागतो. पट्ट्याखालची मान, काखा, जांघा, कानांच्या कडा, शेपटीचे मूळ आणि बोटांच्या मधल्या खाचा या जागा घाईत नेहमी राहून जातात. संशयाची जागा सापडली की तिथले केस पाण्याने किंवा सलाइनने भिजवावेत. भिजलेले केस अंगाला चिकटून बाजूला होतात आणि त्वचा उघडी पडते. दुखणाऱ्या जागी हात लावल्यावर अत्यंत मायाळू कुत्राही चावू शकतो, म्हणून गरज वाटल्यास आधी मुसके बांधावे. मात्र धाप लागलेल्या किंवा उलटी करणाऱ्या कुत्र्याला ते बांधू नये. मांजराला जाड टॉवेलात गुंडाळून एकेक पाय बाहेर काढत पाहिले की दोघांनाही सोपे जाते.

काळसर त्वचेवर लाली ओळखू येत नाही, ही एक खरीच अडचण आहे. अशा वेळी दुसऱ्या बाजूच्या नेमक्या त्याच जागेशी तुलना करावी: डाव्या मांडीवर शंका असेल तर उजवी मांडी पाहावी. हाताच्या मागच्या बाजूने दोन्हीकडची ऊब जोखावी आणि सुजेचा अंदाज चिमटीत घेऊन करावा. त्वचेवर लाल डाग दिसलाच, तर त्यावर काचेचा पारदर्शक तुकडा किंवा स्वच्छ पेल्याचा तळ हलकेच दाबून पाहावा. दाबल्यावर लाली नाहीशी झाली तर रक्त अजून वाहिन्यांतच आहे, म्हणजे ती साधी दाहाची लाली आहे. डाग तसाच राहिला तर रक्त वाहिन्यांबाहेर पाझरले आहे. लागल्याचे कुठलेच कारण नसताना पोटावर, हिरड्यांवर किंवा कानांच्या आत असे न मावळणारे ठिपके दिसले, तर ते खरचटणे नव्हे. रक्त गोठवणाऱ्या पेशी कमी झाल्याचे किंवा उंदीर मारण्याचे विष पोटात गेल्याचे ते लक्षण असू शकते आणि त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे लागते.

खरचटणे, फाटणे आणि चावा

खरचटलेल्या जागेला रेखीव कड नसते. ती मधे अधिक लाल आणि कडेला फिकट होत जाणारी असते, केस तुटलेले किंवा एका दिशेने ओढलेले दिसतात, आणि तिच्यात बहुधा माती किंवा बारीक खडे असतात. त्वचा चिरली किंवा फाटली असेल तर कडा स्पष्ट दिसतात आणि त्या एकमेकींपासून दूर करता येतात. अशा जखमेला टाके लागण्याची शक्यता असते, आणि पहिल्या ६ ते ८ तासांत नेले तर टाके घालणे सोपे जाते.

चाव्याची जखम मात्र फसवी असते. वर तांदळाएवढे भोक दिसते आणि रक्तही फारसे येत नाही. पण कुत्र्याने चावून झटका दिलेला असेल तर त्या भोकाखाली त्वचा स्नायूपासून सुटलेली आणि मांस चिरडलेले असू शकते. मांजराचे सुळे बारीक आणि लांब असल्यामुळे ते जंतू खोलवर नेऊन सोडतात, वरचे भोक एका दिवसात मिटते आणि आत २ ते ५ दिवसांत गळू तयार होते. भांडणाहून आलेल्या मांजराचे ओरखडे म्हणूनच नीट तपासावेत. समांतर तीन-चार रेघा नखांच्या असतात, पण त्यांच्या आसपास जवळजवळ असलेली दोन लहान भोके दिसली तर ती सुळ्यांची असतात. चाव्याची जखम कितीही लहान असली तरी तिच्यावर घरी लक्ष ठेवत बसू नये.

आणखी एक खूण सहसा कोणी पाहत नाही, ती म्हणजे मांजराची नखे. वाहनाचा धक्का बसलेले मांजर घसरताना जमिनीला नखे रोवते. त्यामुळे नखांची टोके झिजतात, त्यांचे पदर सुटतात, ती झाडूच्या काड्यांसारखी पिंजलेली दिसतात. हनुवटीवर किंवा कुशीवर खरचटलेले आहे आणि नखेही पिंजलेली आहेत असे दिसले, तर त्वचेचा विचार बाजूला ठेवून आधी श्वास आणि हिरड्या पाहाव्यात. स्वस्थ पडलेले असताना श्वास मिनिटाला ३० पेक्षा कमी असावेत. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर पांढरी पडलेली जागा २ सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. हे दोन्ही ठीक असले तरी असे मांजर त्याच दिवशी तपासून घ्यावे, कारण फुप्फुसाभोवती हवा साठणे, श्वासपटल फाटणे किंवा मूत्राशय फुटणे यांची लक्षणे काही तासांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसतात.

पहिल्या तासात काय करावे

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाने ५ ते १० मिनिटे सलग दाब द्यावा. दर मिनिटाला उचलून पाहिले की गोठत आलेले रक्त पुन्हा सुटते. त्यानंतर जखम धुवावी. धुण्यासाठी औषधापेक्षा पाण्याचे प्रमाण महत्त्वाचे असते. सलाइन उत्तम, ते नसेल तर उकळून कोमट केलेल्या अर्धा लिटर पाण्यात एक सपाट चहाचा चमचा मीठ घालावे. तेही जमत नसेल तर पिण्याच्या स्वच्छ कोमट पाण्याची हलकी धार चालते. माती आणि खडे दिसेनासे होईपर्यंत धूत राहावे, चोळू नये. आजूबाजूचे केस कापायचे असतील तर जखमेवर आधी पाण्यात विरघळणारी निर्जंतुक जेली लावावी, म्हणजे कापलेले केस जखमेत न जाता जेलीला चिकटतात आणि धुताना निघून जातात.

जंतुनाशक वापरायचेच असेल तर ते पातळ असावे. पोव्हिडोन आयोडीन फिकट चहाच्या रंगाइतके पातळ करावे. क्लोरहेक्सिडीन ०.०५ टक्के इतके सौम्य चालते. पण ते साबणमिश्रित नसावे, आणि डोळ्यांजवळ किंवा कानात जाऊ देऊ नये. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट यांनी फेस येतो, झोंबते आणि काहीतरी होत असल्याचे समाधान मिळते, परंतु ती जंतूंबरोबर नव्याने वाढणाऱ्या पेशीही मारतात. फिनॉल वर्गातली, पाण्यात टाकल्यावर दुधाळ होणारी घरगुती जंतुनाशके मांजराला विषारी आहेत. अशी द्रव्ये निकामी करण्याची यकृतातली एक महत्त्वाची प्रक्रिया मांजरांत फार दुबळी असते. टी ट्री तेलही त्यांना आणि कुत्र्यांनाही बाधते.

माणसाच्या औषधांच्या कपाटाला तर हातच लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण तिच्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता जाते. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडाला इजा करतात. स्टेरॉइड असलेली मिश्र मलमे जखम भरण्याचा वेग कमी करतात, आणि जस्ताचे मलम चाटले गेले की पोटात विषबाधा होते. जनावराच्या अंगाला लावलेली प्रत्येक गोष्ट शेवटी त्याच्या पोटात जाणार, हे गृहीत धरूनच ती निवडावी.

रोज काय पाहायचे

जखम धुतली की त्याच वेळी तिचा पहिला फोटो काढावा. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे, उजेड आणि अंतर रोज सारखे असावे, आणि लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहून ठेवावी. हा उद्योग काहींना अतिरेकी वाटेल. पण रोज पाहणाऱ्या डोळ्याला हळूहळू होणारा बदल कळत नाही, आणि ‘कालच्यापेक्षा जरा बरी वाटते’ हे मत बहुधा आपल्या इच्छेतून आलेले असते. दोन फोटो शेजारी ठेवले की वाद राहत नाही. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच, तर तेही हे फोटो आधी मागतील.

पहिल्या दिवशी जागा लाल-गुलाबी, किंचित सुजलेली आणि ओलसर असते. तिच्यातून येणारे पातळ, गवताच्या काडीच्या रंगाचे पाणी म्हणजे पू नव्हे. रक्तातला द्रव भाग पाझरून वर आलेला असतो आणि त्याच्यासोबत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी येतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पातळ खपली धरते. दाह, म्हणजे लाली, सूज, ऊब आणि ठणका, या काळात शिखरावर असतो आणि तो असायलाही हवा, कारण मेलेल्या पेशी आणि कचरा साफ करण्याचे काम त्यातूनच होते. तिसऱ्या दिवसानंतर मात्र हे चारही कमी होत गेले पाहिजेत. पाचव्या दिवसापर्यंत कडा सपाट होतात, जागा कोरडी होते आणि जनावर तिथे हात लावू देते. सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास खपली कडेकडून सुटू लागते आणि खाली गुलाबी, चकचकीत, कोरडी त्वचा दिसते. खपली ओढून काढू नये. तिच्याखाली त्वचा अजून सरकत असते.

याच्या उलट दिशेने काही चालले असेल तर थांबू नये. तिसऱ्या दिवसानंतर लाली जखमेच्या कडेबाहेर पसरत जाणे, सूज वाढणे, पाणी दाट होऊन पिवळे-हिरवे होणे, वास येणे, खपलीखाली दाबल्यावर ओले लागणे किंवा भोवतालची त्वचा काळी-जांभळी पडणे यांपैकी एकही गोष्ट दिसली तर जखम चिघळू लागली आहे. जनावराने खाणे सोडले, मरगळले, तर जखम बाहेरून बरी दिसत असली तरी तपासून घ्यावी. ताप नाकाला हात लावून कळत नाही. निरोगी कुत्र्या-मांजराचे तापमान मुळातच ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असते, त्यामुळे त्यांचे अंग आपल्याला नेहमीच गरम लागते. गुदद्वारात लावायच्या डिजिटल थर्मामीटरने विश्रांतीनंतर ३९.५ च्या वर आकडा आला तर तो ताप समजावा.

उष्ण आणि दमट हवेत आणखी एका गोष्टीसाठी रोज दोनदा पाहावे लागते. ओल्या जखमेवर माशी बसून अंडी घालते, आणि त्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या बाहेर पडू शकतात. केसांच्या मुळाशी तांदळाच्या कणीसारखे पांढरे पुंजके दिसले, किंवा जखम अचानक खोल होऊन तिला कुजका वास आला, तर जखमेत अळ्या पडल्या आहेत. घरी त्यांवर काही ओतू नये, जनावर लगेच दवाखान्यात न्यावे. लांब केसांचे, म्हातारे किंवा फारसे हलू न शकणारे जनावर या संकटात सर्वांत आधी सापडते.

पंजाच्या गादीवरची जखम हा वेगळाच प्रकार आहे. गादीला रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे रक्त खूप येते, आणि प्रत्येक पावलागणिक तिच्यावर भार पडत असल्यामुळे कडा पुन्हा उघडतात. वरवर सोललेली गादी फिरणे कमी केले की भरते. खोल चीर असेल, किंवा जनावर पाय टेकतच नसेल, तर टाक्यांचा किंवा आत राहिलेल्या काचेच्या तुकड्याचा विचार करावा लागतो. घरी बांधलेली पट्टी घट्ट झाली तर बोटे सुजतात, म्हणून पट्टी बांधली असेल तर मधल्या दोन बोटांची नखे एकमेकांपासून फाकली आहेत का, हे दिवसातून दोनदा तरी पाहावे.

‘जनावर चाटूनच बरे करते ना?’

हा आक्षेप अगदीच निराधार नाही. कुत्र्याच्या लाळेत काही जंतूंना मारण्याची थोडीफार क्षमता असल्याचे प्रयोगशाळेत दिसले आहे, आणि पहिल्या काही मिनिटांच्या चाटण्याने माती निघून जाते हेही खरे. पण जंगलात जगणाऱ्या प्राण्याकडे दुसरा उपाय नसतो, तो आपल्याकडे आहे. चाटणे पहिल्या काही मिनिटांवर थांबत नाही. ओलाव्याने त्वचा भिजून फुगते, नुकत्याच सरकू लागलेल्या पेशी जिभेबरोबर निघून जातात, आणि तोंडातले जंतू जखमेत उतरतात. मांजराच्या जिभेवर तर नखांच्याच द्रव्याचे आकडे असतात. काही कुत्रे मनगटाच्या वरच्या बाजूला एकच जागा महिनोन्‌महिने चाटून तिथे जाड, बिनकेसांचे, ओले चट्टे तयार करतात. सुरुवात एखाद्या किरकोळ ओरखड्याने झालेली असू शकते.

गळ्यातला प्लास्टिकचा कोन कोणालाच आवडत नाही, तरी तो बरे होण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. कोनाची कड नाकाच्या पुढे निघायला हवी आणि गळ्याशी दोन बोटे सरकण्याइतकी जागा हवी. ‘थोडा वेळ मोकळे सोडतो, मी बघत बसतो’ असे म्हणून काढलेला कोन पुष्कळदा अख्खी रात्र बाहेरच राहतो.

‘जखमेला वारा लागू द्यावा’ हाही एक रूढ समज आहे. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवर केलेल्या प्रयोगात झाकून ओलसर ठेवलेल्या उथळ जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरली होती, आणि आधुनिक ड्रेसिंगचा विचार तिथून पुढे आला. याचा अर्थ प्रत्येक ओरखडा बांधून ठेवावा असा नाही. लहान, उथळ जखम उघडी ठेवलेलीच सोयीची असते, कारण जनावराच्या अंगावर पट्टी टिकत नाही आणि मळलेली, भिजलेली पट्टी नसलेल्या पट्टीपेक्षा वाईट. लाळेने भिजलेली जखम आणि ड्रेसिंगखाली ओलसर राखलेली जखम या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत.

धनुर्वाताचे काय आणि रेबीजचे काय?

माणसाला गंजलेले लोखंड लागले की धनुर्वाताच्या इंजेक्शनची आठवण होते, आणि कुत्र्यालाही ते द्यावे का, असे विचारले जाते. कुत्र्यांना धनुर्वात होऊ शकतो, परंतु घोड्यांच्या किंवा माणसांच्या तुलनेत ते त्याला बरेच प्रतिकारक असतात आणि मांजरे त्याहूनही अधिक. म्हणून साध्या खरचटण्यासाठी ही लस सहसा दिली जात नाही.

रेबीजची गोष्ट निराळी. जखम दुसऱ्या प्राण्याच्या दाताची किंवा नखाची असेल आणि तो प्राणी अनोळखी असेल, तर आपल्या जनावराचे लसीकरण पूर्ण झालेले असले तरी पशुवैद्यांना त्याच दिवशी कळवावे. लसीची पुढची मात्रा लगेच द्यावी लागते. अशी जखम धुताना हातमोजे घालावेत, कारण तिच्यावर त्या प्राण्याची लाळ असू शकते. घाबरलेल्या जनावराने आपल्यालाच ओरबाडले किंवा आपल्या हातावरच्या उघड्या जखमेला त्याची लाळ लागली, तर जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लक्षणे एकदा सुरू झाली की उपचार जवळजवळ कधीच हाती लागत नाही, त्यामुळे इथे ‘वाट पाहू’ हा पर्याय नाही.

मांजराची त्वचा सावकाश भरते

कुत्र्यासाठी सांगितलेले दिवस मांजराला जसेच्या तसे लावू नयेत. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात टाके घातलेल्या जखमेची सातव्या दिवशीची मजबुती मांजरात कुत्र्याच्या सुमारे निम्मीच आढळली, आणि उघड्या जखमा भरून येण्याचा वेगही कमी होता. अगदी उथळ ओरखड्यात हा फरक फारसा जाणवत नाही, पण खोल जखमेत जाणवतो: कडा जुळलेल्या दिसतात, जनावर उडी मारते आणि जखम पुन्हा उघडते. म्हणून मांजराची खोल जखम वरून मिटल्यावरही आणखी आठवडाभर त्याला उंच उड्यांपासून आणि बाहेर भटकण्यापासून आवरावे.

खरचटलेले नसतानाही तसे दिसणारे

दोन आठवडे होऊनही जी जागा बरी होत नाही, किंवा बरी होऊन पुन्हा तिथेच उघडते, ती खरचटलेली होती हा आपला पहिला अंदाजच तपासून पाहावा. पांढऱ्या मांजराच्या कानाच्या टोकावर किंवा नाकावर असलेली, पडते आणि पुन्हा धरते अशी खपली हा सूर्यप्रकाशामुळे होणाऱ्या त्वचेच्या कर्करोगाचा आरंभ असू शकतो. महिनोन्‌महिने ‘भांडणात लागले असेल’ म्हणून दुर्लक्षित राहणारी जखम हीच, आणि लवकर लक्षात आली तर कानाचा तेवढा भाग काढून जीव वाचतो.

एका रात्रीत उमटलेला, ओला, रेखीव कडेचा आणि हात लावू न देणारा लाल चट्टा कुत्र्यांमध्ये बहुधा खाजवून-चावून झालेला असतो. मुळाशी पिसवा, कानाचा संसर्ग किंवा ॲलर्जी असते, आणि ती शोधल्याशिवाय नुसता चट्टा धुऊन उपयोग होत नाही. शेपटीच्या मुळाशी केस गेलेले असतील तर पिसवांचा संशय आधी घ्यावा. कानांच्या कडा, कोपरे आणि घोटे खरबरीत होऊन प्रचंड खाज असेल तर खरजेचा संशय घ्यावा. गोल, केस गळलेला, कोंडा असलेला डाग गजकर्णाचा असू शकतो. ही दोन्ही दुखणी माणसालाही लागतात. अशा वेळी पशुवैद्य बोथट पात्याने त्वचा जरा खरवडून ते द्रव्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तपासणीनंतर त्या जागी लहानसे ताजे खरचटणे उरते. तेही इतर उथळ जखमेसारखेच भरून येते, त्यामुळे घाबरून जाऊ नये. साध्या जखमा वारंवार चिघळत असतील तर मधुमेहासारखे आतले आजार किंवा दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडची औषधे यांचा विचार करावा लागतो.

केस परत येताना

त्वचा मिटल्यावर केस यायला काही आठवड्यांपासून काही महिने लागतात. नव्या त्वचेचा रंग सुरुवातीला गडद किंवा अगदी फिका असू शकतो. तिच्यावर केस नसेपर्यंत कडक उन्हापासून जपावे, आणि पट्टा किंवा अंगपट्टा तिथे घासत असेल तर त्याची जागा बदलावी. आलेले केस कधी पांढरे येतात, कारण केसाला रंग देणाऱ्या पेशी जखमेत गेलेल्या असतात. सयामी मांजरांत उलट घडते: जखमेभोवतीचे केस कापल्यामुळे ती जागा थंड पडते, त्यांच्या केसांतला रंग बनवणारे विकर थंडाव्यातच अधिक काम करते, आणि फिकट अंगावर एक गडद ठिगळ उमटते. ते रोगाचे लक्षण नव्हे. पुढच्या वेळी केस झडून नवे आले की ते बहुधा नाहीसे होते.